सावडीचा संप

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या कार्यालयाच्या आवारातील फणसाला चालू हंगामातील पहिल्या कुयऱ्या (भाजीयोग्य कोवळे फणस) लागल्या असून, त्यांपैकी एक कुयरी हात पोचेल इतक्या उंचीवर आहे. सदर कुयरीकडे आस्थापना शाखेतील दोन लिपिकांची, एका शिपायाची आणि प्रस्तुत लेखकाची नजर आहे. तरी याची नोंद घ्यावी आणि आपापली भाजी आपापल्या परसातून काढावी.

नोंद घेतलीत? बरं. आता बसा.

फणसाला कुयऱ्या लागल्या की मला तो संप आठवतो. या दिवसांत लोकांना हापूस आठवतो, मुंबईकरांना गाव आठवतो, पोरांना परीक्षा आठवते. मला आठवतो तापलेला जांभा, त्यावर अंथरलेलं निळं प्लास्टिक, आणि त्या प्लास्टिकवर ओळीने मांडी घालून बसलेले माझे तीसेक सहकारी. वरून फणसाचं एखादं पिकलं पान गिरक्या घेत यायचं आणि नेमकं कुणाच्या तरी टकलावर बसायचं. आम्ही संपावर होतो. हे वाक्य मी अजूनही कधीकधी आरशासमोर म्हणून बघतो. हात आपोआप कमरेवर जातो.

रत्नागिरीतल्या एका सरकारी कार्यालयात मी नोकरी करतो. कार्यालयाचं नाव सांगत नाही; ते बिचारं साधं आहे, त्याला प्रसिद्धीची सवय नाही. माझं टेबल आस्थापना शाखेत. म्हणजे कोण कधी नोकरीला लागला, कोण कधी रजेवर गेला, कोण कधी निवृत्त होणार, या सगळ्यांच्या कुंडल्या माझ्या कपाटात. यमाकडे चित्रगुप्त असतो, साहेबांकडे मी.

माझ्या समोरच्या टेबलावर दत्ताराम. आमच्याच गावचा, आमचा गाव संगमेश्वरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो आणि आता पन्नाशीला टेकलो तरी समोरासमोर आहोत. दत्ताराम बोलतो कमी. त्यामुळे दोघांचं मिळून मी बोलतो. शिमग्यात गावच्या नमनाच्या खेळात तो मृदंग वाजवतो आणि गवळणीत मी मावशी असतो. नऊवारी नेसून, नाकात नथ घालून मी रंगात आलो की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावतात. दत्ताराम मात्र हसत नाही. तो माझ्या पायांकडे बघत वाजवत असतो, कारण माझा ताल चुकतो हे फक्त त्याला माहीत आहे, आणि तो चुकला की दोन थापा जास्त मारून तो मला परत जागेवर आणतो. पंचवीस वर्षांत हे कुणाला कळलेलं नाही.

सरकारी माणसाला ऋतू तीनच: पावसाळा, निवडणूक आणि मार्च-एंड. त्या वर्षी संप नेमका मार्चमध्ये आला. शिमगा चालू होता, पालख्या घरोघर फिरत होत्या, रस्त्याकडेला काजूच्या बोंडांचा तो आंबूस वास सुटलेला, कलमांवर सुपारीएवढ्या कैऱ्या, आणि दुपारी कातळावरून येणारा वारा असा की टेबलावरची फाईल स्वतःहून पान उलटायची. अशा दिवसांत माणसाने संप करू नये. अशा दिवसांत माणसाने लोळावं. पण मुंबईहून हाक आली होती आणि सगळा राज्यभरचा सरकारी माणूस उठला होता.

भानगड काय होती, ते थोडक्यात सांगतो. एका ठराविक तारखेच्या आधी नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन: निवृत्त झाल्यावर शेवटच्या पगाराच्या मानाने ठरलेली रक्कम, मरेपर्यंत, आणि मागे राहिलेल्या बायकोलाही. त्या तारखेनंतर लागलेल्यांना नवी योजना: दरमहा पगारातून कापायचं, ते बाजारात जाणार, आणि म्हातारपणी बाजार देईल ते घ्यायचं. आमच्याकडे ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आंब्याच्या कलमावर घर चालवणाऱ्याला विचारा. मोहर दाखवायला येतो, फळ हातात येईल याची हमी कुणी देत नाही. म्हणून तर कोकणात बागवाला बापही मुलाला म्हणतो, एक तरी सरकारी नोकरीत जा रे.

कार्यालयातले निम्मे तारखेच्या अलीकडचे, निम्मे पलीकडचे. मी अलीकडचा. माझी पेन्शन शाबूत. दत्ताराम पलीकडचा.

आमच्या संघटनेच्या सचिव शिर्केबाई. लेखा शाखेत होत्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, त्यांचीही पेन्शन शाबूत. काठपदराची साडी, करकरीत आवाज, आणि स्वल्पविरामसुद्धा नियमानुसार देणारा स्वभाव. आदल्या दिवशी त्यांनी बजावलं होतं की सकाळी पावणेदहाला एकही माणूस आत दिसता कामा नये, सगळ्यांनी फणसाखाली जमायचं.

आणि आम्ही जमलो. एरवी कधी जमत नाही ते झालं, पावणेदहाला सगळे हजर. घोषणा दिल्या. शिर्केबाईंनी माणसं मोजली. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, मस्टरवर कुणी सही केली का.

सगळे आपापल्या पाण्याच्या बाटल्यांकडे बघायला लागले. कारण सगळ्यांनीच केली होती.

वीस-वीस वर्षांची सवय हो. फाटकातून आत यायचं, पायरी चढायची, मस्टर ओढायचं, सही ठोकायची, पाण्याची बाटली भरायची. पाय आपले आपण गेले होते. पाणी भरून घेऊन, टेबलावरची धूळ झटकून, मग आम्ही बाहेर येऊन संप सुरू केला होता. एकतीस नावं, तीस सह्या. पहिली सही कुणाची होती, तर शिर्केबाईंची. दुसरी माझी.

सही नव्हती ती एकट्या दत्तारामची. तो फाटकातून थेट फणसाखाली गेला होता. पाय त्याचेही त्याच वाटेचे होते, पण त्या दिवशी त्याने ते वळवले होते.

आम्ही हसलो, एकमेकांना टाळ्या दिल्या. हसू थांबवलं ते साहेबांनी. साहेब नवीनच घाटावरून बदलून आले होते. सज्जन माणूस, पण कोकणाची अजून सवय नव्हती. ते खिडकीत येऊन म्हणाले की अकरा वाजेपर्यंत वर कळवायचं आहे, संपात किती जण सामील. रेकॉर्डप्रमाणे तीस जण कामावर हजर दिसतात. रेकॉर्डप्रमाणे संपावर आहे एकच माणूस.

सगळ्यांनी दत्तारामकडे बघितलं. तो प्लास्टिकचा कोपरा उडू नये म्हणून त्यावर चिरा ठेवत होता. कारवाई होणार तर एकट्या त्याच्यावर, नोकरीत खंड धरणार तर एकट्याचा, आणि ज्या पेन्शनसाठी हे सगळं, तिच्यात खोट येणार तीही त्याच्याच.

मग जी धावपळ झाली ती कुठल्या नमनात बघायला मिळणार नाही. मस्टरवरची सही खोडायची तर नियमानुसार कार्यालयप्रमुखांची परवानगी हवी. परवानगी हवी तर अर्ज हवा. अर्ज शिर्केबाईंनी गुडघ्यावर वही ठेवून लिहिला: विषय, चुकून झालेल्या स्वाक्षऱ्या रद्द होणेबाबत. तो खिडकीच्या गजांतून साहेबांना दिला. साहेब म्हणाले, अर्ज आवक कोण करणार? आवक लिपिक तर बाहेर. आवक लिपिक म्हणाला, मी आत आलो तर संप मोडेल. अखेरीस साहेबांनी स्वतः रजिस्टर काढलं. शिक्का सापडेना. मी खिडकीबाहेरून सांगत होतो, साहेब, डावा खण, नाही, त्याच्या खालचा, पॅड सुकलंय, वर दोन थेंब पाणी टाका. साहेबांनी शिक्का मारला. उलटा पडला. तरी चालेल म्हणालो. मग त्यांनी तीस सह्यांवर तीस काट मारले आणि प्रत्येक काटाखाली आपली सही केली. त्या दिवशी आमच्या कार्यालयात खरं काम केलं ते एकट्या साहेबांनी.

अकराला पाच मिनिटं असताना वर निरोप गेला: एकतीस.

त्यानंतर शिर्केबाईंनी आमच्यावर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी संपाचं वेगळं मस्टर आणलं. सकाळी सही, संध्याकाळी सही, उशीर झाला तर लाल शेरा. आणि मग अर्ज सुरू झाले. कारण शिमगा. ग्रामदेवतेची पालखी ज्या दिवशी ज्याच्या घरी येते, त्या दिवशी तो माणूस घरी नसेल तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. मुंबईहून माणसं रात्रभर प्रवास करून येतात, आणि आपण रत्नागिरीत असून नाही म्हणायचं? तेव्हा लोकांनी संपातून रजा मागायला सुरुवात केली. अर्धा दिवस, ओटी भरण्यापुरती. मी सोळा वर्षं आस्थापनेत घालवली होती; संपातून रजा देण्याचा नियम कुठल्याच पुस्तकात नाही. शिर्केबाईंनी तो तिथल्या तिथे तयार केला. एका अर्जावरचा त्यांचा शेरा मला पाठ आहे: संपाची निकड विचारात घेऊन दुपारी तीननंतर सोडण्यास हरकत नाही; देवास विलंब होऊ नये.

घोषणांचं मात्र जमत नव्हतं. आमची रत्नागिरीकडची बोली कशी, वाक्याचं शेपूट वर नेऊन अलगद सोडते. घाटावरचा माणूस घोषणा देतो तेव्हा भिंतीचा चुना पडतो. आम्ही देत होतो तेव्हा रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं, चहाला बोलावतायत. एक आजोबा खरंच आत आले आणि काय काम होतं म्हणून विचारून गेले. तिसऱ्या दिवशी मी दत्तारामला म्हटलं, मृदंग आण. त्याने आणला, आणि जे काम गळ्यांनी होत नव्हतं ते त्या दोन थापांनी केलं. मी पुढे उभा राहून मावशीच्या ठसक्यात घोषणा सुरू करायचो आणि मागून बाकीचे गळे उचलायचे. फाटकाजवळ बंदोबस्ताला एक पोलीस होता, शेजारच्या तालुक्यातला. त्याचीही नोकरी तारखेच्या पलीकडची. त्याला संप करता येत नाही. तो गंभीर चेहऱ्याने समोर रस्त्याकडे बघत उभा असायचा आणि काठी तेवढी तालात आपटायचा.

असे दिवस मजेत गेले म्हणावं तर गेले. पण चौथ्या दिवशी नोटिसा आल्या. कामावर रुजू व्हा, नाहीतर सेवेत खंड धरू. त्या संध्याकाळी घरी बायकोने आमटी वाढता वाढता विचारलं, तुमची तर शाबूत आहे ना, मग उन्हात कशाला बसता. तिचं चूक नव्हतं. घरोघर तोच प्रश्न वाढला जात होता. पाचव्या दिवशी सकाळी फणसाखाली दोन ओळी दिसायला लागल्या. कुणी ठरवून केल्या नव्हत्या. जुनी पेन्शनवाले इमारतीच्या पायरीजवळ सरकले होते आणि पलीकडचे फाटकाजवळ. पायरीजवळच्यांची कुजबुज चालली होती. आपण पाठिंबा दिला, चार दिवस दिला, आता आत जायला काय हरकत आहे. मी त्या पायरीजवळच्या ओळीत होतो. कुजबुजीत माझाही आवाज होता, हे इथे लिहून ठेवतो.

शिर्केबाईंना सगळं ऐकू आलं असणार. त्या कुणाला रागावल्या नाहीत. त्यांनी दत्तारामला सांगितलं, आज तू बोल. आम्ही चकित. दत्ताराम आणि भाषण? तो उठला, मृदंग बाजूला ठेवला आणि हात कुठे ठेवायचे ते न कळून पाठीमागे बांधले.

तो आपल्या वडिलांबद्दल बोलला. वडील तीस वर्षं मुंबईला एका खासगी कारखान्यात होते आणि एक दिवस ट्रंक घेऊन गावी परत आले. त्याच वाडीत खालच्या घरी निवृत्त प्राथमिक शिक्षक, गुरुजी. गुरुजी महिन्यातून एकदा पेन्शन आणायला इस्त्रीचा शर्ट घालून खाली बाजारात जायचे, येताना नातवंडांना खाऊ आणायचे आणि वाटेत भेटेल त्याला चार शब्द सुनावायचे. दत्तारामचे वडील त्यांच्याच वयाचे, जास्त कष्ट केलेले. पण त्यांना तंबाखू हवी असली, चपलेचा अंगठा तुटला असला, तरी ते आधी ओटीवर येऊन बसायचे आणि घसा साफ करायचे. एकदा. मग थोड्या वेळाने पुन्हा. घरात सगळ्यांना कळायचं की बाबांना काहीतरी मागायचं आहे. कुणी कधी नाही म्हटलं नाही. पण तो घसा काही थांबला नाही, शेवटच्या वर्षापर्यंत.

एवढं सांगून दत्ताराम मृदंगाकडे वळला. आम्हाला वाटलं, संपलं. मग तो म्हणाला, "मला म्हातारपणी घसा साफ करत बसायचं नाय. बाकी मला काय बोलता येत नाय."

आणि तो खाली बसला. बसताना तो नेहमीच्या सवयीने थोडा सरकला आणि शेजारची सावलीतली जागा हाताने झटकली. ती जागा माझी होती. रोज मी तिथे बसायचो.

मी पायरीजवळून उठलो आणि तिथे जाऊन बसलो. माझ्यामागून एकेक जण आला. दोन ओळींची पुन्हा एक ओळ झाली. कुणी आत गेलं नाही. लोकांना वाटलं, मला भाषण लागलं. लागलं होतंच. पण माझं कारण वेगळं होतं, आणि ते मी अठरा वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. मी, म्हणजे ज्याच्या पोटात सकाळचा नाश्तासुद्धा गुपित राहत नाही तो.

भातकापणीचे दिवस होते. आम्ही दोघं ऐन विशी ओलांडून तिशीकडे चाललेलो, नोकरी नाही, परीक्षा देऊन वाट बघत बसलेले. आमच्या गावात कापणी सावडीने होते. म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुमच्या खाचरातलं भात कापायचं, उद्या माझ्या, परवा त्याच्या. मजुरी नाही, उपकार नाही. पाळायचं ते एवढंच की एकदा सावडीत उतरलात की शेवटच्या घरचं भात खळ्यात येईपर्यंत विळा खाली ठेवायचा नाही. त्या वर्षी शेवटचं घर आमचं होतं.

पोस्टमन बांधावरून तोल सावरत आला. दोन लिफाफे, एक माझा, एक दत्तारामचा. एकाच जाहिरातीतून, एकाच यादीतून झालेली निवड. महिन्याच्या आत हजर व्हा. लोकांनी विळे टाकून आमच्या पाठी थोपटल्या. आता खरं सांगतो. मला कापणीचा मनापासून तिटकारा, आणि माझी ओळ नेहमी सगळ्यांच्या मागे. भाताची कुसं अंगाला खाजतात, कंबर दुभंगते, आणि दुपारी चिखलातून जी वाफ येते तिने डोकं फिरतं. त्या लिफाफ्यात मला नोकरी दिसली नाही, सुटका दिसली. वडिलांना म्हटलं, सरकारला माझी तातडीने गरज आहे. त्यांची पाठ तेव्हाच धरलेली असायची, पण ती त्यांनी त्या क्षणी सरळ केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी रत्नागिरी गाठली.

दत्ताराम बांधापर्यंत सोडायला आला होता. तू हो पुढं, म्हणाला, कापणी आटपली की येतो. सरकार कुठं पळून जातंय?

मध्येच परतीचा पाऊस आला. भात आडवं झालं, कापणी लांबली. तीन घरं कापून झाली आणि शेवटी आमचं खाचर राहिलं. माझ्या वाटणीचा विळा दत्तारामने चालवला. भारे वाहिले, अंगणात त्यांची उडवी रचून दिली, वडिलांच्या हातचा चहा घेतला आणि मग तो नोकरीवर हजर व्हायला निघाला. मी हजर झालो आणि तो हजर झाला, यांच्या मधोमध ती तारीख येऊन गेली. सरकार पळालं नव्हतं. पळाली ती पेन्शन.

तेव्हा हे आम्हाला कळलंच नाही. नवीन योजनेची कपात सुरू झाली तेव्हा मी कपाटातून दोन सेवापुस्तकं काढली आणि शेजारी शेजारी उघडून बसलो. त्याची सही तारखेच्या अकरा दिवस पलीकडे होती. मी पुस्तकं मिटली. दत्तारामला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि समोरासमोरच्या टेबलांवर बसून आम्ही त्या एका गोष्टीवर कधी बोललो नाही. तो टोमणा मारेल म्हणून मी कितीदा तरी संधी दिली. कापणीचा विषय काढला, पावसाचा काढला. तो नुसता हं म्हणायचा. दोन थापा जास्त मारून मला जागेवर आणणारा माणूस. तो कशाला माझा चुकलेला ताल चारचौघांत दाखवेल.

संप सातव्या दिवशी मागे घेतला गेला. मुंबईत काही आश्वासन मिळालं, समिती नेमली, असं कळलं. आम्ही प्लास्टिकची घडी घातली. जिंकलो की हरलो ते कुणालाच नीट सांगता येईना. शिर्केबाईंनी संपाचं मस्टर लाल फडक्यात बांधून त्यावर 'कायम जतन' असं लिहिलं आणि तो गठ्ठा माझ्या कपाटात ठेवला. पलीकडचे पलीकडेच राहिले होते. घरी जाताना बसमध्ये दत्ताराम खिडकीतून कलमांकडे बघत म्हणाला, यंदा कैरी बरी धरलीय.

पुढच्या वर्षी एक शासन निर्णय आला. ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेच्या आधीची आहे, ते हजर नंतर झाले असले तरी त्यांना जुनी पेन्शन निवडता येईल. मी ते पान चार वेळा वाचलं. सगळ्यांना नव्हतं ते. आमच्याकडची सायली, जी शिर्केबाईंच्या हाताखाली लेखा शाखेत लागली, तिच्यासाठी नव्हतं. तिच्यानंतरच्या कुणासाठीच नव्हतं. पण आमच्या जाहिरातीसाठी होतं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. दत्तारामचा पर्याय मंजूर झाला. त्याची पेन्शन आता माझ्याच तोलाची आहे. आणि शिर्केबाई निवृत्त झाल्यावर संघटनेचं सचिवपद त्याने घेतलं, ज्याला बाकी काही बोलता येत नाही त्याने. लोकांनी विचारलं, तुझं तर झालं ना आता? तो म्हणाला की शेवटचं घर अजून बाकी आहे. सायलीला हे कोडं उलगडलं नाही. ती शहरात वाढलेली. मी तिला सावड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. यंदाही त्याने फणसाखाली दोनदा सभा घेतली. मृदंग आहेच.

मला सांगायचं आहे ते मंजुरीच्या आधीचं, प्रस्ताव तयार केला त्या दिवसाचं.

प्रस्ताव मीच करायचा होता, टेबल माझं. जाहिरातीची प्रत लावली, निवड यादी लावली, नेमणुकीचा आदेश लावला. सोबत आमच्या कार्यालयाचा एक छाननी तक्ता असतो, त्यात एक रकाना होता: आदेशानंतर हजर होण्यास विलंबाचे कारण. त्या रकान्यापाशी पेन थांबलं. 'घरगुती अडचण' लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. सरकारी कागदावरची निम्मी माणसं घरगुती अडचणीतच असतात. मी पंख्याकडे बघितलं, फणसाकडे बघितलं. समोर दत्ताराम कसल्यातरी बिलावर खुणा करत होता. मग मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: सदर कर्मचारी हा आस्थापना लिपिक यांच्या वडिलांचे भात कापत होता, सदर आस्थापना लिपिक हे काम टाकून आधीच हजर झाले होते.

आणि तक्ता साहेबांपुढे ठेवला. तेच साहेब, घाटावरचे, उलट्या शिक्क्याचे. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग ते तक्ता हातात घेऊन आमच्या खोलीत आले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले की हे काय लिहिलंय तुम्ही, हे वर पाठवायचं का.

मग मी सगळं सांगितलं. एरवी मी पाच मिनिटांची गोष्ट अर्धा तास रंगवतो. ही अठरा वर्षांची गोष्ट मी पाच वाक्यांत सांगितली. लिफाफा, एसटी, पाऊस, खाचर, अकरा दिवस. हातवारे केले नाहीत. सायलीने कॅल्क्युलेटर खाली ठेवला. मी दत्तारामकडे बघू शकलो नाही, म्हणून त्याच्या टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे बघत राहिलो.

साहेबांनी थेट दत्तारामला विचारलं. म्हणजे हे गृहस्थ काम टाकून पळाले, आणि यांच्या वडिलांचं भात कापण्यापायी तुमची इतक्या वर्षांची पेन्शन अडली. हे खरं आहे का?

दत्ताराम उठून उभा राहिला. त्याने माझ्याकडे एकदा पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, जसं नमनात मी मावशी होऊन आत येतो तेव्हा बघतो. ओठ घट्ट मिटलेले होते. आणि कधी न हसणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून एकदम निघून गेलं:

"पळाला ते बरंच झालं, साहेब. हा कापणीला असता ना, तर मी नोकरीवर शिमग्याला हजर झालो असतो."